इस्माईलशेठच्या तंबूतला खून

तंबू टॉकीजमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगाला दोन गोष्टी चिकटतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ आंघोळ केली की जाते. किस्से जात नाहीत, उलट वाढत जातात. लग्नाच्या पंगतीला बसलो की शेजारचा कोपर मारतो, "दत्तूअण्णा, ते शेळीचं सांगा की!" शेळीचं सांगितलं की तिच्यामागून फौजदाराचं निघतं, फौजदारामागून जावयाचं, आणि तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन पुढं सटकतो. माझ्या किती जिलब्या ह्या किश्शांपायी बुडाल्या असतील, विचारू नका राव!

आज समोर जिलबी नाही, त्यामुळं सलग सांगतो.

जुन्नरला कुकडी नदीच्या अलीकडच्या माळावर आमचा तंबू लागायचा. पन्नास सालानंतरची गोष्ट. दिवाळी झाली की पहिला मुक्काम हाच, मग इतर गावं, आणि वळीव आला की तंबू गुंडाळला. मालक इस्माईलशेठ. मशीन चालवायला गजाभाऊ, त्याला सगळं गाव 'आपरेटर' म्हणायचं. दारावर तिकीट फाडायला धोंडीबा, डोक्यावर एक केस नाही आणि अंगात खंडोबाची भक्ती गच्च. बायकांच्या दारावर त्याची बायको काशीबाई. आणि भोंग्यावर मी.

माझी कामं दोन. दिवसा टांग्यात बसून गावभर ओरडायचं. आणि मशीन एकच असल्यामुळं दर रीळ बदलताना दिवा लागायचा, तेवढ्या वेळात पडद्यापुढं उभं राहून लोकांना हिंदी पिक्चर मराठीत समजावून सांगायचा. "आता हा जो टोपीवाला आला ना मंडळी, तो हिचा काका. दिसतो तसा नाही!" असं.

आणि शेठ? शेठनं जन्मात स्वतःच्या तंबूतला एकही पिक्चर बघितला नव्हता! बाहेर लोखंडी खुर्ची टाकून, तंबूकडं पाठ करून बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी आत गेलो तर दारावर कोण? धोंडीबा? त्याचा निम्मा तालुका पाहुणा लागतो. सगळ्यांना फुकट सोडील!"

पिक्चर कसा आहे हे शेठ कानानं ओळखायचे. आत हशा झाला, चांगला. रडणं झालं, फारच चांगला. काहीच ऐकू आलं नाही, पडला. ही शेठची परीक्षा, आणि ती कधी चुकली नव्हती. त्या वर्षापर्यंत!

*

त्या वर्षी पहिल्यांदा आला तो विनोदी पिक्चर. नाव सांगत नाही. ज्यांनी काढला त्यांनाही मुलंबाळं असतील.

पोस्टर मात्र झकास होतं. गाढवावर उलटा बसलेला जाडा हिरो, आणि मागं काठी घेऊन पळणारी सासू. मी टांग्यातून बोंबलत सुटलो, "हसून हसून पोट दुखेल! पोट दुखलं तर ओवा आमच्याकडून!" धोंडीबानं खरंच ओव्याची पुडी आणून ठेवली होती.

पहिल्या खेळाला तंबू तुडुंब. दिवा गेला, हिरो पडला. मग सासू पडली. मग दोघं मिळून पडले. मग गाढव पडलं. आत चिडीचूप! हिरो जीभ काढत होता, डोळे फिरवत होता, केळीच्या सालीवरून दोनदा घसरला, आणि आमची माणसं मांडी घालून अशी बसली होती की जणू तलाठी पंचनामा करतोय आणि हे पंच.

दिवा लागला तसा मी पुढं गेलो आणि जीव तोडून एकेक विनोद मराठीत सांगितला. पहिल्या रांगेत केरूनाना बसले होते. केरूनाना म्हणजे ओझरकडचे बागायतदार, एके काळचे पैलवान. प्रत्येक पिक्चर पहिल्या दिवशी बघणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात बसून निकाल देणार. तो निकाल आळेफाट्यापर्यंत जायचा. नानांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, इनोद समजला. आता हसायचं कुठं, त्ये पण सांग!"

बाहेर निघताना धोंडीबानं त्यांच्यापुढं ओवा धरला. नाना म्हणाले, "पोट न्हाई दुखलं. डोकं दुखतंय. त्याला काय देतोस?"

*

पण त्या खेळात एकदा हशा झाला होता. असा मोठा की तंबूचे बांबू हलले!

बाहेर शेठ खुर्चीतून उठलेच. "ऐकलं? चालला म्हणून समज!" गाडीतळापर्यंत जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले.

झालं होतं असं की, कनात उचलून एक शेळी आत शिरली होती. ती सरळ पडद्यापुढं गेली आणि तिथं बसलेल्या एका पाहुण्याच्या पागोट्याचं टोक तोंडात धरून चालायला लागली. पागोटं उलगडतंय, पाहुणा मागं पळतोय, आणि पडद्यावरचा जाडा हिरो बिचारा वर एकटाच पडतोय. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड?

हे कळल्यावर शेठनं कनात उचलून ती फट बघितली. मग म्हणाले, "धोंडीबा, ती शेळी कोणाची?"

दुसऱ्या दिवशी शेळी रीतसर ठरवून आणली! दुसऱ्या रिळाला धोंडीबानं तिला कनातीखालून आत ढकललं. पाहुणा म्हणून पागोटं बांधून मला बसवलं होतं. आम्ही सगळे वाट बघतोय. शेळी आली, पडद्याकडं तोंड करून उभी राहिली, थोडा वेळ तिनं पिक्चर बघितला आणि पाय मुडपून झोपी गेली.

सकाळी केरूनानांचा निकाल लागला. "अहो, काल तर शेळीसुदिक झोपली!"

*

आता भाभींचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शेठची बायको बानूभाभी. बोलायला गोड आणि निश्चयाला पक्क्या. त्यांच्या भावाचं जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. भाभींचा तंबूवर राग का, तर शेठ पावसाळ्यात तेवढे घरी. बाकी वर्षभर आज जुन्नर, मग मंचर, मग घोडेगाव. भाभी म्हणायच्या, "माझा निकाह तुमच्याशी झालाय का ह्या कापडाशी?"

विनोदी पिक्चर पडला आणि भाभींचं ठरलं. मी शेठचा डबा आणायला गावातल्या घरी गेलो होतो, माझ्यासमोरच म्हणाल्या, "पुढच्या पिक्चरच्या रिळांची पेटी सांगितली आहे ना? ती दाखवा. तो उतरला की तंबू गुंडाळायचा, आणि माझ्या भावाच्या दुकानावर बसायचं. बस."

शेठ आपल्या जाडजूड हातांकडं बघत माळावर आले. आम्हाला म्हणाले, "दत्तू, ह्या बोटांनी मी बायकांच्या हातात बांगड्या भरणार? एक बांगडी शाबूत राहील का रे?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबू गेला तर मी कुठं ओरडणार होतो? गजाभाऊचं मशीनवर पोरासारखं प्रेम, तो ते कुणाच्या हाती देणार होता? धोंडीबा म्हणाला, "शेठ, फुडचा पिक्चर असा चालवू, असा चालवू, का गर्दी बघून भाभीच म्हनतील, ऱ्हाऊ द्या तंबू!"

तेवढ्या आशेवर आम्ही पेटीची वाट बघत बसलो.

*

एसटीच्या टपावरून पेटी उतरली. रहस्यपट! ह्याचंही नाव सांगत नाही, पण कारण वेगळं आहे. ते पुढं कळेल.

पोस्टरवर काही नव्हतं हो. एक दार, अर्धवट उघडं. बस्स. धोंडीबा म्हणाला, "ह्ये काय पोस्टर हाय का? सुताराची जाहिरात वाटतीया."

पहिला खेळ सुरू झाला. पहिलं रीळ, आत हूं की चूं नाही. दुसरं रीळ, तेच. शेठ बाहेर कान लावून बसलेले. हशा नाही, रडणं नाही, खोकलासुद्धा नाही. शेठच्या हिशेबानं पिक्चर सपशेल पडला! त्यांनी धोंडीबाला हाक मारली. धोंडीबा दाराच्या फटीतून आत डोकं घालून उभा. ऐकतोय कुठला! गडी जागचा हलला नाही.

शेठनं मोठा उसासा टाकला, "चला, बानूचंच खरं," म्हणाले आणि स्वतः उठून तंबूच्या एका खुंटीचा दोर सोडायला बसले.

आत पडद्यावर ते दार हळूहळू उघडत होतं. कर्र, कर्र असे बूट वाजत होते. बूटवाला दिसत नव्हता. दिव्याची वात बारीक होत चालली होती. आणि नेमका त्याच वेळी शेठनं दोर सोडला, तंबूची ती बाजू फस्सकन खाली आली आणि मागच्या रांगेच्या डोक्यावर बसली!

काय किंकाळी उठली म्हणता! लेण्याद्रीच्या गणपतीला ऐकू गेली असेल. बाहेर शेठ दोरासकट उताणे पडले.

खेळ संपला. लोक बाहेर आले ते पांढरेफटक, एकमेकांचे सदरे धरून. शेवटी केरूनाना आले. तो अंगापिंडाचा पैलवान माणूस दाराशीच बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "शेठ, मला घरपतुर कोन सोडंल?"

*

सकाळी हॉटेलात नानांचा निकाल ऐकायला ही गर्दी! नानांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "मंडळी, आदल्या पिक्चरात हसायचं कुठं त्ये कळत नव्हतं. ह्या पिक्चरात दम कुठं घ्यायचा त्ये कळत न्हाई!"

वा! मी खूश. पण नाना थांबतात थोडेच? "त्या इनोदवाल्यानं समदं डोळ्याफुडं आपटून दाखवलं, काय उरलंच न्हाई. ह्यो गडी लई हुशार. दार दावतो, बूट ऐकवतो, मानूस दावत न्हाई. आमचं काळीज आमीच फोडून घेतो. आनि शेवटाला कळतंय, का ज्याला आपुन इतका वेळ सज्जन समजत व्हतो, त्यो त्या बाईचा—"

मी समोरच्या ताटलीतलं गरम भजं उचललं आणि नानांच्या तोंडात कोंबलं!

एकदम सगळं डोक्यात आलं माझ्या. नाना आज इथं खुनी सांगणार, दुपारी तो नारायणगावात पोचणार, आणि संध्याकाळी आमच्या तंबूत कुत्रं फिरकणार नाही. गर्दी नाही, म्हणजे भाभींचा हुकूम कायम. आपल्याकडं पोटात काही ठेवायची पद्धत नाही हो! पिक्चर बघून आलेला माणूस वेशीत पाय ठेवताच सांगायला सुरुवात करतो.

तोड धोंडीबानं काढली. "बेलभंडार उचलायला लावू. बेलभंडारावर हात ठिवून मानूस खोटं बोलत न्हाई."

बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद. हातात घेऊन शब्द दिला की तो मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नाही. शेठ म्हणाले, "आणि माझ्या मोहल्ल्यातली माणसं?"

"त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठिवायचा."

"पोर बरोबर नसेल तर?"

धोंडीबानं थोडा विचार केला आणि स्वतःचं टक्कल पुढं केलं.

तेव्हापासून बाहेर पडायच्या दारावर एका बाजूला बेलभंडाराचं ताट आणि दुसऱ्या बाजूला धोंडीबाचं डोकं! गंमत म्हणजे लोकांना डोकंच सोयीचं वाटायला लागलं. कोणीही येई, थाप मारी, "न्हाई सांगनार!" आणि जाई. कितीतरी जण शब्द देऊन झाल्यावरही परत एकदा मारून जायचे.

पहिला शब्द आम्ही नोकरांनी दिला. गजाभाऊनं, काशीबाईनं, मी. शेठही पुढं आले, तर धोंडीबा म्हणाला, "तुमी कशाला शेठ? तुमाला कुठं ठावं हाय?"

*

मग तालुक्यात जी काही धमाल उडाली!

एका घरात नवरा आधी बघून आला, बायकोचा नंबर पुढच्या दिवशी. बायको म्हणाली, सांगा. नवरा म्हणाला, शब्द दिलाय. बायकोनं भाकरी थापायची बंद केली. गडी दोन वेळा आमच्या धोंडीबाच्या घरी जेवला.

वाजणाऱ्या बुटांची तर सगळ्यांनी धास्ती घेतली. मंचरहून एक नवे जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला आले. पायांत कोऱ्या करकरीत वहाणा. तिन्हीसांजेला ओट्यावर पाऊल ठेवलं आणि कर्र वाजलं. आतून सासूबाईंनी ते ऐकलं आणि दाराला कडी घातली! जावई बाहेरून म्हणतायत, "मामी, मी आलोय!" आतून सासूबाई, "कोन मी? त्यो पन असंच म्हनला व्हता!" शेवटी जावईबापू वहाणा हातात घेऊन अनवाणी घरात आले. दुसऱ्या दिवशी पेठेत निम्मी माणसं वहाणांना खोबरेल लावत बसली होती.

आणि फौजदारसाहेब! ते आले गणवेशात, खुर्ची टाकून बसले आणि पहिल्याच रिळाला मोठ्यानं म्हणाले, "खुनी तो माळी आहे. आम्हाला विचारा, रोजचं काम आहे आमचं." दुसऱ्या रिळाला दिवा लागला, पुन्हा, "माळीच! बेड्या घालायला पाहिजेत." धोंडीबानं हळूच विचारलं, "साहेब, जाताना बेलभंडार..." साहेब कडाडले, "सरकारी माणसाला शपथ घालतोस?"

खेळ संपला. साहेब बाहेर आले, टोपी काखेत. इकडंतिकडं बघितलं. कुणी नाही असं बघून मुकाट्यानं बेलभंडार उचलला. मग माझ्या कानाशी आले. "दत्तू, खुनी कोण ते मी सांगणार नाही. आणि माझा अंदाज काय होता, तो तुम्ही सांगायचा नाही. तोही ह्याच भंडाऱ्यात धरा!"

आज मी तो शब्द मोडला. पण साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि खंडोबालाही हसू येत असणारच.

*

लांबच्या वाड्यांत तेव्हा एक पद्धत होती. सगळ्यांना काही जुन्नरला येणं जमायचं नाही. मग बाजाराला येणारा एकच माणूस पिक्चर बघायचा, आणि परत जाऊन सगळ्या वाडीला तो 'दाखवायचा'. डिंभ्याचा बुधाजी हा त्यातला पट्टीचा. भीमाशंकरच्या रानातला हिरडा विकायला यायचा, पिक्चर बघायचा, आणि गावी जाऊन पारावर उभं राहून नायक, नायिका, घोडा, रेल्वे, सगळं एकटा करायचा. लोक म्हणायचे, जुन्नरपेक्षा बुधाजीचाच पिक्चर चांगला असतो!

तर बुधाजीनं हा रहस्यपट बघितला, बेलभंडार उचलला आणि डिंभ्याला गेला. पारावर गाव जमलं. बुधाजीनं सुरुवात केली. दार उघडलं, बूट वाजवले, दिव्याची वात बारीक केली. बाया पदर तोंडात धरून बसल्या. बुधाजी अशा रंगात आला की विचारू नका. आणि शेवटच्या रिळाच्या तोंडाशी येऊन त्यानं डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि म्हणाला, "बरं मंडळी, राम राम."

गावानं त्याला धरला, गोंजारला, दम दिला. पाटलानं तंबाखू पुढं केली. बुधाजी म्हणाला, "मला हानून मारा, पन बेलभंडार उचललाय मी!"

दुसऱ्या दिवशी डिंभ्यानं बैलगाड्या जुंपल्या. पोरंबाळं, म्हाताऱ्याकोताऱ्या, भाकऱ्यांची गठुळी, सगळं गाव जुन्नरच्या वाटेला लागलं! बुधाजी पुढच्या गाडीत, मान खाली घालून, कैद्यासारखा.

*

डिंभ्याच्या गाड्या माळावर पोचल्या तो आमचा शेवटचा दिवस.

पिक्चर धो धो चालला होता. इतकी गर्दी त्या माळानं कधी बघितली नव्हती. शेठ उड्या मारत भाभींना सांगायला गेले, तर भाभी म्हणाल्या, "गर्दी रॉकेलच्या दुकानावरही होते. म्हणून काय नवरा तिथं ठेवायचा? उद्या सकाळी भाऊ गाडी घेऊन येतोय, कापड गोळा करून ठेवा." झालं! म्हणजे आमच्या बेलभंडारानं पिक्चर वाचला, तंबू नाही वाचला.

त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. विनोदी पिक्चरची पेटी परत पाठवायची राहिली होती, ती धोंडीबानं डोळे पुसत पुसत भरली आणि दुपारच्या पुण्याच्या एसटीवर चढवली. मी भोंग्यावर "आज शेवटचा खेळ" एवढंच म्हणायचो आणि भोंगा खाली ठेवायचो.

खेळ सुरू झाला. निम्मं जुन्नर दुसऱ्यांदा आलेलं, सगळं डिंभं पहिल्यांदा. केरूनाना पुढं, फौजदारसाहेब मागं. बाहेर शेठ खुर्चीत, पाठ तंबूकडं. शेवटचं रीळ राहिलं. मी पडद्यापुढं गेलो आणि म्हणालो, "मंडळी, आता काळीज घट्ट धरा. ज्याचे बूट वाजतात, त्याचं तोंड आता दिसणार!"

दिवा गेला. गजाभाऊनं मशीन सुरू केलं. पडद्यावर दार नाही, बूट नाहीत. गाढवावर उलटा बसलेला जाडा हिरो धडाधड आला आणि तळ्यात पडला!

धोंडीबानं खुन्याचं रीळ विनोदी पेटीत घालून पुण्याला पाठवलं होतं!

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग डिंभ्याची एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ह्यो व्हय खुनी?" आणि जो हशा फुटला! लोक एकमेकांच्या अंगावर लोळले. सासू पडली, हशा. गाढव पडलं, हशा. तोच पिक्चर, तीच केळीची साल, पण इतका वेळ कोंडलेला दम त्याच्यावर सुटला. केरूनाना पोट धरून ओरडले, "धोंड्या, आन आता तुजा ओवा!"

बाहेर शेठला वाटलं, आपले कान गेले. खुनाच्या पिक्चरला हशा? खुर्ची उलथून ते आत धावले. शेठ तंबूच्या आत! दिवा लागला, तसे सगळे त्यांच्याकडंच बघायला लागले.

हसून झाल्यावर डिंभेकर भानावर आले. पाटील उठून उभे राहिले. "शेठ, हसलो लई. पन खून कुनी केला?"

शेठ म्हणाले, "दत्तू, सांग त्यांना."

मी म्हणालो, "शेठ, शब्द दिलाय."

"गजाभाऊ?" गजाभाऊ मशीनमागं लपला. "धोंडीबा?" धोंडीबानं स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला. "नाना, तुम्ही तरी!" नानांनी हात जोडले. फौजदारसाहेब न विचारताच म्हणाले, "मला विचारू नका." निम्म्या तंबूला खुनी माहीत, आणि एक माणूस तोंड उघडायला तयार नाही!

"मग शेठ, तुमीच सांगा," पाटील म्हणाले.

"अहो, मला माहीत असतं तर!" शेठ रडकुंडीला आले.

"आमी न्हाई हलनार," पाटील म्हणाले, आणि सगळं डिंभं घोंगड्या पसरायला लागलं. "रीळ यील तवा यील."

"पाटील, उद्या तंबू उठतोय हो!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूची कनात बाजूला झाली आणि एक बुरखा उभा राहिला. आवाज ऐकला आणि शेठ गारच पडले.

"कोण उठवतो तंबू?"

बानूभाभी! शेवटचा दिवस म्हणून भावजयीनं ओढून आणलं होतं. काशीबाईच्या दारानं आत आल्या, त्यामुळं शेठला पत्ताच नाही.

"तुम्हीच तर म्हणालात..." शेठ चाचरले.

"शेवट बघितल्याशिवाय एका खुंटीला हात लावायचा नाही! माझ्या भावाला मी सांगते काय ते. आधी ते रीळ आणा. त्या बाईला मारलं कोणी? मला आज झोप यायची नाही!"

डिंभं तळावरच राहिलं. चुली पेटल्या, भाकऱ्या झाल्या. धोंडीबा पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेला आणि दिवेलागणीला मांडीवर पेटी घेऊन परत आला. तंबू पुन्हा भरला. शेठ बाहेर खुर्चीत, नेहमीसारखी पाठ करून. आत शेवटचं रीळ लागलं. बूट वाजले. मग चिडीचूप. मग एकदम सगळ्या तंबूनं 'आँ!' केलं.

लोक बाहेर यायला लागले. डिंभ्याच्या एकेकानं बेलभंडार उचलला. बुधाजी मोकळा झाल्यासारखा सगळ्यांच्या गळ्यात पडत होता. सगळ्यात शेवटी बानूभाभी आल्या. धोंडीबानं सवयीनं डोकं पुढं केलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ शेठच्या खुर्चीपाशी गेल्या, आणि सगळ्या जुन्नरादेखत शेठच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नहीं बोलूंगी."

शेठ मान वर करून त्यांच्याकडं बघत राहिले. मग हळूच विचारलं, "बानू, मुझे तो बता. कौन था वो?"

भाभी म्हणाल्या, "टिकट निकालो."